त्या आईला यादी पाठवू नका

आज पुन्हा तो फॉरवर्ड फिरतोय. 'मुलांना कॅन्सर का होतो? आयांच्या दहा चुका.' कुणीतरी तो थेट अशा बाईला पाठवला, जिच्या चार वर्षांच्या मुलीची ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) केमो चालू आहे. खाली हात जोडलेले इमोजी. डोकं फिरलं माझं.

मोठ्यांच्या कॅन्सरचा हिशोब मुलांना लावूच नका. तंबाखूला आपलं काम करायला कित्येक वर्षं लागतात. चार वर्षांच्या पोरीकडे ती वर्षं कुठून येणार?

नवजात बाळाच्या टाचेतून गाळणकागदावर घेतलेले रक्ताचे ठिपके काही देशांत जपून ठेवतात. 1990च्या दशकाअखेरीस ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांचे हे जुने ठिपके तपासले. या आजारात बऱ्याचदा दोन जनुकं तुटून चुकीची जोडली जातात, तो सांधा प्रत्येक मुलात वेगळ्या जागी असतो. म्हणून आधी आजारी पेशींतून त्याची नेमकी जागा वाचायची, मग फक्त त्या मुलापुरती पीसीआर चाचणी (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणारी) बनवून ती ठिपक्यावर चालवायची. अनेक मुलांत सांधा सापडला, म्हणजे पहिली मोडतोड जन्माआधीचीच. (नाही सापडला तर ती नव्हतीच असं म्हणता येत नाही, ठिपक्यात पेशीच थोड्या असतात.) यातला एक सांधा, ईटीव्ही6-रन्क्स1 (त्या दोन जनुकांचीच नावं), शंभरात साधारण एक ते पाच निरोगी नवजात बाळांतही असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. जन्मानंतर आणखी जनुकीय बिघाड व्हावा लागतो. तो कशाने होतो, यावर अजून वाद आहे. आणि फॉरवर्डवाल्याला मात्र दहा कारणं पाठ!

हो, बाहेरची कारणं असतात, मान्य. ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्टुअर्ट यांनी 1956 मध्ये आयांना विचारून गरोदरपणातल्या एक्स-रेचा धोका दाखवला. आजारी मुलाची आई गरोदरपणाचं सगळं आठवून खणून काढते, निरोगी मुलाच्या आईला फारसं आठवत नाही, त्यामुळे आकडे फसवे असणार, असा आक्षेप आला. तो रास्तच होता. मग 1962 मध्ये साथरोगतज्ज्ञ ब्रायन मॅकमॅहन यांनी आठवणी बाजूला ठेवून हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या, तरी धोका दिसलाच. 1971 मध्ये डीईएस हे औषध (गर्भपात टळावा म्हणून देत ते) दोषी सापडलं: योनीमार्गाचा दुर्मिळ कॅन्सर झालेल्या 8 तरुणींपैकी 7 जणींच्या आयांनी ते गरोदरपणी घेतलं होतं. पण एक्स-रे काय नि डीईएस काय, दोन्ही डॉक्टरांनीच दिलेलं. यात त्या बायांची चूक कुठली?

गरोदरपणापासून नोंद ठेवली तर आठवणींचा घोळ टळतो. पण 1 लाख बाळांवर पंधराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं, तर कॅन्सर होतो साधारण दोनशे जणांना, तोही डझनावारी प्रकारांत वाटलेला. एकेका प्रकाराच्या वाट्याला मूठभर मुलं. म्हणून अनेक देशांची माहिती एकत्र करावी लागते, आणि म्हणूनच हे काम इतकं सावकाश चालतं.

त्या आईला खरंच काही सांगायचं असेल तर एवढं सांगा, आणि हळू सांगा. कॅन्सर झालेल्या दहा मुलांतल्या साधारण एकात जन्मजात जनुकदोष सापडतो. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली, तर मुलीबरोबर आईवडील दोघांचंही रक्त द्यावं. दोष घराण्यातून आलाय की मुलीतच नव्याने झालाय, हे तेव्हाच कळतं, आणि भावंडांना तपासायचं की नाही तेही. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरात तर आरबी1 जनुकाचा दोष आनुवंशिक निघाला, तर धाकट्या भावंडाचे डोळे जन्मल्यापासून तपासता येतात. गाठ लहान असतानाच सापडते आणि नजर वाचू शकते.