ठाणे खाडीचा रामसर दर्जा आणि सीवूड्सची तळी : एक खुलासा

ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाल्यामुळे नवी मुंबईतील सर्व पाणथळ जागा आपोआप संरक्षित झाल्या, त्यामुळे तेथील बांधकामांविषयी चिंतेचे कारण उरले नाही, अशा आशयाचा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील दर्जा मिळाल्याचा भाग खरा असला, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

२०१५ मध्ये अधिसूचित झालेले ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरचे आहे. २०२२ च्या रामसर नोंदीत भोवतालचे क्षेत्र धरून ही व्याप्ती सुमारे ६,५२१ हेक्टर झाली. मात्र हा दर्जा आखलेल्या सीमेपुरताच असतो. नवी मुंबईतील सीवूड्स भागातील तळी खाडीला खेटून असली, तरी केवळ शेजारामुळे त्यांना अभयारण्याचे संरक्षण लाभत नाही.

पक्षी अर्थातच नकाशा पाहून उतरत नाहीत. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात आणि भरतीने तो चिखल पाण्याखाली गेला की, उथळ पाण्याच्या शोधात या तळ्यांवर येतात. भरतीचे पाणी आत आणणारी एखादी मोरी बुजली, तरी तळे जागेवर राहते, पण पाणी साचून शेवाळते किंवा आटते आणि पक्षी फिरकेनासे होतात.

‘खारफुटी नाही, म्हणजे पाणथळ नाही’ हे संदेशातील दुसरे विधानही निराधार आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांतील व्याख्येत खारफुटीची अट नाही.