भुतं कशाला हवीत तिथं?

आज भाच्याने मोठ्या कौतुकाने रील पाठवलं. 'खंडाळ्याचं शापित स्टेशन'. धुकं, किंकाळ्या, पांढरी साडी, सगळा माल हजर. अरे, ते बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन आहे! शाप कसला डोंबलाचा?

समोर कडा, गाडी वळवायला जागा नाही. म्हणून 1863 पासून मुंबईहून आलेली गाडी तिथवर चढायची आणि थांबायची. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मागचा डबा पुढे होऊन गाडी खंडाळ्याकडे निघायची. आजोबा लहानपणी या गाडीने गेलेले. पणजी पुण्याला माहेरी निघाली होती. गाडी उलटी सुटल्यावर तिने भर डब्यात आकांत मांडला, "अहो, ही परत मुंबईला निघाली की!" आजोबा हे सांगताना म्हातारपणीही डोळे पुसेपर्यंत हसायचे.

1929 च्या सुमाराला नवा मार्ग झाला आणि स्टेशन सुटलं. योग्यच झालं म्हणा, दर गाडीला तो खटाटोप कोण करत बसणार? रीलमुळे चार पोरांना जागा कळली, हेही मान्य. पण कळलं काय, तर भूत!

पणजीची घाबरगुंडी उडाली ती दिशा बदलली म्हणून. खरं घाबरावं असं त्या घाटात बरंच घडलंय. रेल्वेमार्ग बांधायचं काम ऐन भरात असताना चाळीस हजारांच्या आसपास मजूर तिथे खपत होते. कॉलऱ्याने माणसं पटापट मेली. 1859 मध्ये मजुरीवरून दंगल झाली. नंतर आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला, तर त्याच्या बायकोने, ॲलिसने, हाताखालच्या इंजिनियरांना घेऊन काम तडीस नेलं. परक्या मुलखातली विधवा बाई! पांढरी साडी नेसली नव्हती, म्हणून रीलमध्ये जागा नाही बहुतेक.

असो. चिडून काय होणार. पणजीला तरी यातलं काय ठाऊक होतं? तिला माहेर गाठायचं होतं, बस.

पण लिहिता लिहिता एक गोष्ट सलतेय. ॲलिसबाईंचं नाव कागदोपत्री राहिलं. घाटाची वाट दाखवली म्हणतात त्या शिंगरोबाचं देऊळ झालं, ड्रायव्हर अजून नाणी टाकतात. डोक्यावर दगडमाती वाहणाऱ्या बायका-बाप्यांची नावं मात्र कुणी लिहूनच घेतली नाहीत. आणि आता त्यांच्या मरणावर हे 'हॉरर' म्युझिक लावणार! भाच्याला फोन करून हे सगळं सुनावलंय. "मामा, चिल" म्हणाला.