छातीत दुखतंय? फॉलिकची गोळी शोधत बसू नका

आमच्या औषध दुकानात हल्ली एक नवीन गिऱ्हाईक येऊ लागलंय. "ताई, फॉलिक द्या की. पाचचं." गरोदर सुनेसाठी नाही, रक्त कमी झालेल्या लेकीसाठी नाही. साठी-सत्तरीची माणसं स्वतःसाठी मागतात. चिठ्ठी कुठाय विचारलं की मोबाईल पुढे करतात. भजनी मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, उसाच्या टोळीचा ग्रुप, सगळीकडे तोच निरोप. कन्नडमधूनही फिरतोय, वर ठळक अक्षरांत 'एदे नोवु', म्हणजे छातीत दुखणं, असं लिहून. सीमाभागात मराठी आणि कन्नड लोक एका गोष्टीवर एकमत झालेले बघायचे होते, ते असे बघायला मिळाले.

तोवर मी हसून सोडून देत होते. मग बेळगावजवळच्या येळ्ळूरहून मामींचा फोन आला. थोरल्या मामांच्या हृदयात स्टेंट आहे, अंगात साखर आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सोर्बिट्रेट कायम शर्टाच्या खिशात असायची. मामी म्हणाल्या, "ती पट्टी त्यांनी कपाटात टाकलीया. खिशात आता ते पिवळं फॉलिक घेऊन हिंडत्यात." मी मामांना फोनवर झापलं, तर उलट मलाच ऐकवलं, "बंगळूरच्या डॉक्टरनं सांगितलंय. तू दुकानात बसतीस म्हणून तुला लई कळतंय व्हय?"

तर मामा, आणि मामांसारखे सगळे, हे तुमच्यासाठी.

निरोपात काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांनी मुद्दाम शोधायला नको. छातीत दुखणं हे होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक द्रव्य, वाढल्यामुळे होतं आणि फॉलिक अॅसिड ते धुऊन काढतं. दुखू लागलं की चार गोळ्या चघळायच्या, दहा मिनिटांत आराम, दवाखान्यात धावायची गरज नाही. आशाताई वाटतात ती लाल गोळीही चालते, आणि ती घेतल्यावर संडास काळी झाली की समजायचं, ब्लॉकेज विरघळून बाहेर पडतंय. जीवनसत्त्वच आहे, कितीही घ्या. आणि औषध कंपन्या हे दाबून ठेवतात.

सगळ्यात आधी त्या चघळण्याचं बघू, कारण माणूस मरायचा तो तिथं मरेल.

चघळायचा सल्ला खरा आहे, पण तो अॅस्पिरिनचा आहे. हार्ट अटॅकचा संशय असेल तर अॅस्पिरिन चघळायला देतात, कारण ते चघळलं की लवकर रक्तात उतरतं आणि गुठळी वाढवणाऱ्या रक्तकणिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. सोर्बिट्रेट जिभेखाली विरघळते आणि काही मिनिटांत रक्तवाहिन्या सैल करते. फॉलिक अॅसिडचं काम यातलं कुठलंच नाही. ते पेशी तयार होताना लागतं, नवीन रक्तपेशी घडायला लागतं. रक्त कमी असलेल्या बाईला ते दिलं तरी हिमोग्लोबिन वर यायला आठवडे जातात. दहा मिनिटांत ते जेमतेम पोटातून पुढे सरकलेलं असतं.

"पण मला खरंच आराम पडला की," असं मामा म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. शेताच्या बांधावरून चढून आले, छाती आवळली, पारावर टेकले, खिशातून गोळ्या काढल्या, चघळल्या, दुखणं गेलं. आता त्यातल्या गोळ्या काढून टाका. चढून आले, छाती आवळली, टेकले, दुखणं गेलं. श्रमानं येणाऱ्या हृदयाच्या दुखण्याचं, म्हणजे अँजायनाचं, हे लक्षणच आहे. हृदयाला काम वाढलं की अरुंद झालेल्या नळीतून रक्त पुरत नाही म्हणून दुखतं, आणि बसलं की काही मिनिटांत थांबतं. बसल्याचं श्रेय गोळीला गेलं. या निरोपाला एवढी माणसं शपथेवर दुजोरा देतात त्याचं कारण हेच. आणि धोकाही इथंच आहे. एक दिवस नळी पूर्ण बंद होईल, बसून दुखणं थांबणार नाही, आणि माणूस आणखी चार गोळ्या चघळत दहा मिनिटं, मग आणखी दहा मिनिटं वाट बघत बसेल. त्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. बेळगाव शहरातला माणूस रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात पोचतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला आधी जंगलातला रस्ता काढायचा असतो, पावसाळ्यात तर विचारू नका. त्यानं वाटेला लागायच्या आधीच अर्धा तास फॉलिकवर घालवायचा? सरकारी पातळीवर आता निदान काही सोय झालीय. कर्नाटकात २०२३ पासून कन्नड सिनेनट पुनीत राजकुमार यांच्या नावानं हृदय ज्योती योजना आहे. तालुका पातळीच्या रुग्णालयांत ईसीजी काढून तो तज्ज्ञांना दाखवायचा, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन फुकट द्यायचं, असं तिचं स्वरूप. पुनीत राजकुमार गेले ते २९ ऑक्टोबर २०२१ ला, वयाच्या ४६ व्या वर्षी, हृदयानंच दगा दिला. ते इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग जास्त, पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. १०८ ला फोन करायला पैसे पडत नाहीत.

आता त्या काळ्या संडासाचं. हे वाचून मी खुर्चीतून पडायची बाकी होते.

हृदयाच्या नळीतलं ब्लॉकेज म्हणजे नळीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षं साठलेली चरबी, कॅल्शियम आणि सुजलेल्या पेशी. ते विरघळून आतड्यात कुठल्या वाटेनं येणार? तशी वाटच नाही शरीरात. संडास काळी होते ती लोहामुळे. आशाताईंच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि फॉलिक अॅसिड फक्त ५०० मायक्रोग्रॅम. जे लोह अंगी लागत नाही ते काळं होऊन बाहेर पडतं. गरोदर बायकांना आशाताई हे पहिल्याच दिवशी सांगतात, घाबरू नका म्हणून. बायकांना पिढ्यान् पिढ्या माहीत असलेली गोष्ट पुरुषांच्या ग्रुपवर आली की लगेच चमत्कार होते.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. स्टेंट बसवलेला माणूस अॅस्पिरिन घेतो, बहुतेक वेळा सोबत रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेलही असतं. या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि त्याची खूण काय, तर डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास. ती दिसली की त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं असतं. आणि हा निरोप सांगतो, आनंद माना, ब्लॉकेज चाललंय! जिथं घाबरायला हवं तिथं पेढे वाटायला लावणारा सल्ला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

शिवाय हिशोब करा. पिवळी गोळी पाच मिलिग्रॅमची, म्हणजे फॉलिकच्या बाबतीत एक पिवळी बरोबर दहा लाल. चार पिवळ्यांची भरपाई लालनं करायची तर चाळीस गोळ्या, म्हणजे २,४०० मिलिग्रॅम लोह. तेवढं खाल्लं तर दवाखाना नक्की, पण हृदयाचा नव्हे, विषबाधेचा. दोन-चारच खाल्ल्या तरी लोहानं पोटात आणि छातीच्या खालच्या भागात जळजळ होते. म्हणजे छातीत दुखतं म्हणून गोळी, आणि गोळीमुळे छातीत जळजळ. या गोळ्या घरात उघड्यावर ठेवू नका हे जाता जाता सांगते. लहान पोरांनी त्या गोड समजून खाल्ल्या तर जीवावर बेततं. आणि त्या तुमच्या सुनेच्या वाट्याच्या आहेत, मामा.

होमोसिस्टीनचा मुद्दा मात्र वाऱ्यावरचा नाही. मला कबूल करणं जिवावर येतंय, पण निरोपातला हा एकच भाग कुठल्यातरी खऱ्या गोष्टीपासून सुरू होतो. रक्तात होमोसिस्टीन जास्त असलेल्या लोकांना हृदयविकार जास्त आढळतो, आणि फॉलिक अॅसिडनं ते कमी होतं, हे दोन्ही खरं. १९६९ मध्ये किल्मर मॅककली या अमेरिकी डॉक्टरनं रक्तवाहिन्या खराब होण्याशी होमोसिस्टीनचा संबंध मांडला. पुढे अनेकांना वाटलं, स्वस्तातली गोळी देऊन होमोसिस्टीन खाली आणू, हार्ट अटॅक थांबतील.

वाटलं म्हणून कोणी थांबलं नाही, तपासून बघितलं. होप-२ नावाची चाचणी २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. ५५ वर्षांवरची ५,५२२ माणसं, रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह असलेली, म्हणजे नेमकी आमच्या मामांसारखी. अर्ध्यांना रोज अडीच मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, सोबत बी-६ आणि बी-१२. अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी पाच वर्षं. गोळीवाल्यांचं होमोसिस्टीन खरंच उतरलं. आणि हृदयविकारानं मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालं ते गोळीवाल्यांत १८.८ टक्के लोकांना, बिनगोळीवाल्यांत १९.८ टक्के लोकांना. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका किरकोळ.

थांबा, खरी मौज पुढे आहे. वाढलेल्या अँजायनामुळे, म्हणजे सरळ भाषेत छातीत दुखून, दवाखान्यात भरती व्हावं लागलेले लोक कुठल्या गटात जास्त होते? फॉलिकच्या. तेही साधारण २४ टक्के जास्त. फॉलिकमुळे छातीत दुखतं असं मी म्हणणार नाही, एका चाचणीतल्या एका आकड्यावरून तसं म्हणायचं नसतं. पण ज्या दुखण्यावर ही गोळी रामबाण म्हणून फिरतेय, त्याच दुखण्यानं ती घेणारे जास्त भरती झाले, हे त्या बंगळूरच्या डॉक्टरला कोणीतरी कळवा. तो असेल तर. निरोपात त्याचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही.

त्याच वर्षी नॉर्वेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवरही अशीच चाचणी झाली, तिथंही फायदा दिसला नाही.

पक्षाघाताचं थोडं वेगळं आहे, तेही सांगून टाकते. होप-२ मध्येच पक्षाघात गोळीवाल्यांत कमी होते. चीनमध्ये रक्तदाबाच्या वीस हजारांवर रुग्णांना एनालाप्रिलसोबत फॉलिक दिलं, तिथंही पक्षाघात कमी झाले, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण ते रक्तदाबाचं औषध चालू ठेवून, रोज ०.८ मिलिग्रॅम, वर्षानुवर्षं, डॉक्टरांच्या देखरेखीत. खिशातून काढून चघळायचं नव्हे.

आणखी एक अर्धसत्य. रक्त फारच कमी असेल तर हृदयाला धाप लागते, धडधडतं, छातीतही दुखू शकतं. ते रक्त फॉलिकच्या कमतरतेनं कमी झालेलं असेल तर फॉलिकनं सुधारतं. या गोळीची गोष्टच मुळी आपल्या मुंबईत सुरू झाली. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का आटतं ते शोधायला. यीस्टच्या अर्कात काहीतरी आहे ज्यानं या बायका सुधारतात, हे तिनं १९३१ मध्ये छापलं. ते 'काहीतरी' म्हणजे फॉलिक अॅसिड, हे नंतर कळलं. गोळी मोठी गुणाची आहे. पण रक्त कमी आहे की नाही हे तपासल्यावर कळतं, फॉरवर्ड वाचून नाही.

"कितीही घ्या" या वाक्यावर मात्र माझा राग जात नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३०० मायक्रोग्रॅम फोलेट, म्हणजे अन्नातलं फॉलिक, लागतं. गोळीतून रोज एक मिलिग्रॅमच्या वर आपल्या मनानं घेऊ नये असं मानतात. चार पिवळ्या म्हणजे २० मिलिग्रॅम. आणि मर्यादा कशासाठी, तर बी-१२ साठी. बी-१२ कमी असलेल्या माणसानं नुसतं फॉलिक घेतलं की रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आत नसा खराब होतच राहतात. पायाला मुंग्या, तळवे बधिर, चालताना तोल जाणं. मांस-मासे-अंडी न खाणाऱ्या माळकऱ्याला बी-१२ कमी पडायची भीती आधीच जास्त. त्यात साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर ते आणखी घटतं. मामा दोन्हीत बसतात. तळव्यांना मुंग्या आल्या तर ते म्हणणार, साखरेनं होतंय. फिट्सची फेनिटॉइन घेणाऱ्यांनी तर जास्तीच फॉलिक विचारल्याशिवाय घेऊच नये, त्यानं फेनिटॉइनची मात्रा रक्तात कमी होऊन झटके परत येऊ शकतात.

कंपन्या दाबून ठेवतात म्हणे. अहो, या गोळ्या कंपन्याच बनवतात आणि आम्ही विकतो. तुम्ही सगळे मागायला लागल्यापासून माझाच खप वाढलाय.

मामांची सोर्बिट्रेट मामींनी कपाटातून काढून परत खिशात घातलीय. मामांची कुरकुर चालू आहे, चालू दे. पण एक सांगायचं राहिलं. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना डॉक्टरांनी फॉलिक लिहून दिलेलं असतं, गरोदर बायकांना आणि दिवस राहण्याची वाट बघणाऱ्यांनाही. त्यांनी हे वाचून ते बंद करू नये. आणि तुमच्या चिठ्ठीवर फॉलिक का लिहिलंय ते कळत नसेल तर चिठ्ठी घेऊन या, मी बघून सांगते. मोबाईल नको.