संघटना कोणासाठी? मिलिंदराव, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

मिलिंदराव,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच लिहायला बसले असते तर उत्तर फारच तिखट झालं असतं म्हणून सकाळपर्यंत थांबले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सायकोथेरपिस्ट, म्हणजे बोलण्यातून मानसिक उपचार करणाऱ्या लोकांची व्यावसायिक संघटना का हवी असं मी लिहिलं होतं. त्यावर मिलिंदरावांचं म्हणणं की संघटना वर्षाची फी घेते, भिंतीवर लावायला सर्टिफिकेट देते, संमेलनात एकमेकांना शाली घालते, आणि "शेवटी हा सगळा खटाटोप आपापली दुकानं सांभाळायला, पेशंट गेला उडत". शिवाय संघटनेने एखाद्याला काढून टाकलं तरी तो दुसऱ्या दिवशी बोर्ड लावून बसणारच.

फीचं तुमचं बरोबर आहे. नुकती एम.ए. झालेली, एखाद्या शाळेत अर्धवेळ काउन्सेलिंग करणारी मुलगी मेंबरशिप, सुपरव्हिजन, वर्कशॉप या सगळ्याचे पैसे कुठून आणणार? नवीन लोकांसाठी फी कमीच हवी. मान्य.

पण "पेशंट गेला उडत" हे कशाच्या जोरावर लिहिलंत? मला तुम्ही ओळखत नाही, माझ्या खोलीत कधी बसला नाहीत आणि सरळ माझी नियत काढता? मी लग्नाच्या आधीपासून हे काम करतेय. सुरुवातीला डेक्कनला एका सीनियर बाईंकडे सुपरव्हिजनला जायचे, सेशनमध्ये काय झालं ते नावगाव न सांगता त्यांच्यापुढे मांडायचं आणि त्या शांतपणे म्हणायच्या, इथे तू क्लायंटचं ऐकत नव्हतीस, तुला सल्ला द्यायची घाई झाली होती. घरी येईपर्यंत डोळ्यात पाणी असायचं. कोर्स संपलेला, हातात डिग्री, कोणी विचारणारं नव्हतं, तरी मी जात राहिले कारण आमच्या ग्रुपमधल्या मोठ्या माणसांनी ठरवलेलं की एकट्याने काम करायचं नाही. दुकान सांभाळणारा माणूस आपल्या चुका दुसऱ्यापुढे उघड्या करायला स्वतः पैसे मोजून जातो का हो?

आणि हे ठरवणारी माणसं लागतातच, कारण कायदा सगळीकडे पोचत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी परिषदेची नोंदणी लागते, तो कायदा १९९२ चा. इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स मात्र १९६८ पासून आहे, म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी या लोकांनी आपण होऊन एकत्र यायचं ठरवलं. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये सायकिअ‍ॅट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर, नर्स यांच्या व्याख्या आहेत. पण नुसतं सायकोथेरपिस्ट किंवा काउन्सेलर असा बोर्ड लावून टिळक रोडवर कोणी बसलं तर त्याला या कायद्याने लायसन लागत नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात बाकीचे सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर धरलेत, चांगलंच आहे, पण कायदा होणं आणि गल्लीतल्या काउन्सेलरचं नाव रजिस्टरवर चढणं यात बरंच अंतर असतं.

आता पेशंटचंच सांगते. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). आधीच्या थेरपिस्टने त्यांच्या लग्नातल्या गोष्टी त्यांच्याच नणंदेला सांगितल्या होत्या, कारण नणंदसुद्धा तिथेच जायची. बाईंनी मला विचारलं, मॅडम, याची तक्रार कुठे करायची? डॉक्टर असता तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, वकील असता तर बार कौन्सिल. हा माणूस ना आरसीआयकडे, ना कुठल्या संघटनेचा मेंबर. ग्राहक मंचात जायचं तर तीच खाजगी गोष्ट पुन्हा कागदावर मांडा. त्या गप्प बसल्या आणि नंतर महिनाभर माझ्याशीही मोकळेपणाने बोलू शकल्या नाहीत, ते मी रोज समोर बघत होते. मेंबर असता तर निदान हे काम कळणाऱ्या चार माणसांनी त्याला बोलावून जाब विचारला असता. संघटना मला हवी आहे ती यासाठी, आणि उद्या माझ्याकडून असं काही झालं तर मलाही तसाच जाब विचारला जावा.

काढून टाकलेला माणूस बोर्ड लावून बसतोच, हे तुमचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण ब्रिटनमध्येही सायकोथेरपिस्ट हे नाव कायद्याने राखीव नाही, तरी तिथे बीएसीपीसारखी (ब्रिटिश असोसिएशन फॉर काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी) संघटना क्लायंटच्या तक्रारी ऐकते, कारवाई झाली तर ती जाहीर करते, म्हणजे लोकांना निदान कळतं. यावर कधीतरी सविस्तर लिहीन, आत्ता वेळ नाही.

शाली वगैरेंना उत्तर देत बसणार नाही, तो मुद्दाच नव्हे. टीका जरूर करा, पण लेख पूर्ण वाचून करा, तक्रार समितीवर मी अख्खा परिच्छेद लिहिलाय आणि तुम्ही त्यातला एक शब्दही घेतला नाहीत. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एवढंच सांगा, त्या बाईंनी तक्रार कुठे करायची होती?