मामाचा पाय नेमका कोणाचा पेशंट?

गेल्या आठवड्यात मामेभावाशी फोनवर चांगलीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं, "दादा, तुमच्या इंग्लंडात साध्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, भेटायला दोन-दोन आठवडे लागतात, इथे सांगलीत मी दुपारी फोन केला की रात्री आठला एमडी डॉक्टर बघतो." खरंय त्याचं, बर्मिंगहॅमला १४ वर्षं काढलीत, सकाळी आठ वाजता जीपीचा फोन लागेपर्यंत काय होतं ते मला चांगलं माहितीये. पण मामाच्या पायाचा अंगठा कापावा लागला तो डॉक्टर मिळाला नाही म्हणून नाही.

मामाला २० वर्षं शुगर. तळपाय बधिर झालेले, त्यामुळे चपलेचा खिळा टोचला ते कळलंच नाही, मामीला फरशीवर डाग दिसला तेव्हा जखम सापडली. मग फिजिशियननी इन्शुलिन वाढवलं, सर्जननी ड्रेसिंग केलं, पायाला रक्त पोचतंय का बघायला डॉपलर तिसऱ्याच ठिकाणी, आणि या तिघांमधला निरोप्या कोण तर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन रिक्षाने फिरणारी मामी. सर्जनला वाटलं शुगरवाले बघतायत, शुगरवाल्यांना वाटलं सर्जन बघतोय, यात पाच आठवडे गेले आणि पाचही आठवडे मामा त्याच पायावर बाजारात जाऊन येत होता, कारण पायावर भार देऊ नका हे सांगायचं काम कुणाचंच नव्हतं. तिघंही डॉक्टर चांगले, मनापासून सांगतो. फक्त एकमेकांशी बोलले नाहीत.

मला स्वतःला इथे सहा वर्षांपूर्वी टाइप टू मधुमेह निघाला. दरवर्षी पाय तपासतात, डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवतात आणि लागलं का विचारतात, पायाची नाडी बघतात, मग धोका कमी की जास्त ते सांगतात. आणि जखम झालीच तर उपचार कसे करायचे ते ठरवणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेची २०१५ ची गाइडलाइन सांगते की एका कामाच्या दिवसात पेशंट फूट टीमकडे पाठवायचा. त्या टीममध्ये मधुमेहाचा डॉक्टर, रक्तवाहिन्यांचा सर्जन, हाडांचा सर्जन, नर्स, बूट-प्लास्टर बघणारे आणि पायाचा तज्ज्ञ म्हणजे पोडियाट्रिस्ट. सगळ्या भागात हे सारखं होत नाही, कुठे कुठे टीम अपुरी आहे. पण पाय कुणाच्या ताब्यात आहे हे कागदावर तरी आहे.

भाऊ म्हणाला, श्रीमंत देशाला परवडतं हे. इथे मात्र मला राग आला. बधिर पायाची जखम भार काढून प्लास्टरने भरून आणायचं मोठं काम डॉ. पॉल ब्रँड यांनी आपल्याच वेल्लोरला केलं, कुष्ठरोगाच्या पेशंटवर, मधुमेहवाल्यांना त्याचा उपयोग नंतर झाला. मऊ रबराची एमसीआर चप्पल आपल्याकडे कुष्ठरोग्यांसाठी कधीपासून बनते. आणि नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे ज्यात होते तो 'स्टेप बाय स्टेप' प्रोजेक्ट २००० नंतरच्या दशकात भारतात आणि टांझानियात चालला, त्यात एक डॉक्टर आणि एक नर्स अशा जोड्यांनाच पायाचं ट्रेनिंग दिलं. पोडियाट्रिस्ट आपल्या गावात मिळत नाही, मान्य, पण नर्स तर आहे ना? २०२३ ला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात देशात १० कोटींच्या वर मधुमेही निघाले, एवढ्या पायांसाठी काय आपण मोठ्या हॉस्पिटलांची वाट बघत बसणार? तालुक्याला एक ट्रेन झालेली नर्स, एक चप्पल करून देणारा कारागीर, आणि अडलं तर त्याच दिवशी फोन उचलणारा एक सर्जन, सुरुवातीला एवढं पुरे.

मामाचा दुसरा पाय शाबूत आहे. भावाला सांगितलंय, पुढच्या व्हिजिटला तिन्ही डॉक्टरांना एका व्हॉट्सॲप ग्रुपवर यायची विनंती कर, आणि रोज रात्री झोपायच्या आधी मामाच्या तळव्याखाली आरसा धरून बघ. आरसा त्याने कालच आणला.