जुनी रायफल हातची घालवायचे खात्रीशीर उपाय

हल्लीच आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी एक अस्सल प्री-६४ विंचेस्टर (म्हणजे १९६४ च्या आधी बनलेली मॉडेल ७० शिकारी रायफल) इतक्या सफाईने घालवली, आणि नुसती स्वतःची नाही तर मागे रांगेत उभ्या असलेल्या माझीही घालवली, की म्हटलं ही विद्या त्यांच्यापुरती राहायला नको. इकडे पेनसिल्व्हेनियात आपल्या मंडळींपैकी दोन-चार जणांना जुन्या बोल्ट अ‍ॅक्शन शिकारी रायफली (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या) जमवायचा नाद लागलाय (लहानपणी जिम कॉर्बेट वाचलेला असतो, दुसरं काय), त्यांनी हे नीट जपून ठेवावं.

पहिली गोष्ट, गन शोला जाताना कॅश न्यायची नाही. फायर हॉलमध्ये टेबलं मांडून बसलेले ऐंशीतले आजोबा फोनवरून पैसे घेतात असं समजून चालायचं. रायफल उचलायची, बोल्ट चार वेळा मागेपुढे करायचा, "स्मूद आहे हो" म्हणायचं आणि मग एटीएम कुठंय ते विचारायचं. ते पलीकडच्या गावातल्या पेट्रोल पंपावर असतं. परत येईपर्यंत टेबलावर फक्त आजोबांचा कॉफीचा कप असतो.

दुसरं, अभ्यास. भरपूर करायचा. मॉडेल ७० निघालं १९३६ ला, १९६४ ला कंपनीने खर्च वाचवायला ते बदललं, काडतूस चेंबरमध्ये जाईपर्यंत त्याची कड घट्ट धरून ठेवणारा तो जर्मन माउझर रायफलीच्या धर्तीचा लांब एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) गेला, स्टॉकवरचं (लाकडी दस्त्यावरचं) कापून काढलेलं चेकरिंग, म्हणजे पकडीसाठीची चौकट्यांची नक्षी, जाऊन छाप्याने दाबलेलं आलं, आणि तेव्हापासून आधीच्या मालाला लोक शोधत फिरतात. हे सगळं पाठ करा आणि विकणाऱ्याला ऐकवा. तो तीच रायफल खांद्याला लावून आयुष्यभर डोंगर चढलाय, त्याला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मग सिरियल नंबरवरून साल काढा, टँगचा (बोल्टमागच्या पोलादी पट्टीचा) आकार बघा, स्क्रूंच्या खाचा घासल्यात का ते भिंगातून बघा, नळीत टॉर्च मारा. एवढं झाल्यावर "घरी जाऊन अजून थोडं वाचतो" म्हणून निघा. घेतली तर अभ्यास संपेल ना.

भाव उतरायची वाट बघा. १९६४ पासून वाट बघणारे लोक आहेत, त्यांचा सल्ला घ्या.

"बायकोला विचारून सांगतो." (यावर काय लिहायचं, सगळ्यांना पाठ आहे.)

मनात एक आदर्श रायफल धरून ठेवायची आणि तिच्यापायी समोर आलेली प्रत्येक नाकारायची. म्हणजे ऑस्ट्रियन मानलिखर-शोनाऊरच हवी, १९०३ चंच मॉडेल, ६.५ बाय ५४ च्या काडतुसातच, ते फिरतं मॅगझिन, तो चपटा बोल्ट हँडल, पार नळीच्या टोकापर्यंत गेलेला स्टॉक, स्कोपसाठी कुणी भोक पाडलेलं नसावं, ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा मुलामा) मूळचं असावं, आणि किंमत लष्कराने काढून टाकलेल्या स्वस्त माउझरची. अशी रायफल तुम्हाला मिळणार नाही, पण त्या नादात हस्कवार्ना गेली, जुनी साको गेली, रेमिंग्टन ७२१ तर तुम्ही हातातसुद्धा घेतली नाही कारण ती "साधी" दिसते. छान चाललंय.

जुने भाव तोंडपाठ ठेवा. कुणी हजार डॉलर सांगितले की लगेच, "अहो हीच मी नव्वदच्या दशकात चारशेला बघितली होती." तेव्हा का नाही घेतली, हे कुणी विचारत नाही, लोक सभ्य असतात. अजून मागे जायचं असेल तर, पूर्वी टपालाने रायफल घरी यायची, १९६८ च्या कायद्याने ते बंद झालं, यावर अर्धा तास सहज जातो आणि तेवढ्यात शेजारच्या माणसाने पैसे मोजलेले असतात.

आणि लायसन्स अजिबात काढू नका. ५० वर्षांवरची, मूळ स्थितीतली बंदूक इथल्या कायद्यात 'क्युरिओ अँड रेलिक' धरतात, त्यासाठी जमवणाऱ्यांचं वेगळं लायसन्स मिळतं, फी ३० डॉलर, चालतं तीन वर्षं. ते असलं की दुसऱ्या राज्यातली जुनी रायफल थेट आपल्या पत्त्यावर येऊ शकते, मधे डीलर गाठून त्याची फी भरत बसायला नको. पण फॉर्म भरायला लागतो, तोही तीन वर्षांतून एकदा, कोण करणार. तिकडे भारतात लायसन्सवर दोनच्या वर ठेवता येत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीने तीनाच्या दोन केल्या, शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदच आहे. इथे यातलं काही आडवं येत नाही म्हटल्यावर आपणच आपल्याला आडवं जायला नको का.

आता सगळ्यात महत्त्वाचा उपाय. "होल्ड करा." हा नीट शिका, कारण बाकीच्या उपायांनी फक्त तुमची रायफल जाते, याने सगळ्यांची जाते. एक आजी होत्या, नवरा गेलेला, त्यांना त्याच्या बंदुका विकायच्या होत्या, घाई नव्हती, पण चांगल्या माणसाच्या हातात जाव्यात एवढंच म्हणणं. त्यात एक मॉडेल ७०, .२७० काडतुसाची. मी बघून आलेलो. शिकारी जिथे रायफल हातात तोलून धरतो तिथे मॅगझिनच्या खालच्या पत्र्यावरचं ब्लूइंग उडून नुसतं पांढरं पोलाद दिसत होतं, बाकी सगळं जसंच्या तसं, मूळची पोलादी बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), एक भोक जास्त नाही, स्टॉक कापून कुणी लाल रबरी पॅड ठोकलेलं नाही. नऊशे मागत होत्या. कुणीही डोळे मिटून द्यावेत. पण माझ्या आधी आपले गृहस्थ पोचलेले आणि बोलून बसलेले, "माझीच समजा, होल्ड करा." आजी जुन्या वळणाच्या, शब्द दिला म्हणजे दिला. मी पैसे खिशात घेऊन उभा, त्या म्हणाल्या तुझ्या मित्राने नाही म्हटलं तरच तुला.

आणि मित्र नाही म्हणेना! आधी नळीच्या आतले फोटो पाठवा, मग बोल्टच्या तोंडाचा फोटो पाठवा, आजींना फोनवर फोटो काढता येत नाहीत तर मुलाला बोलवून काढायला लावले, मग आठशेला द्याल का, मग साडेआठशे, मग स्कोप नको तर अजून किती कमी कराल, मग ऑफिसात रिलीज आहे, मग इंडियातून पाहुणे आलेत. मग मेसेजला उत्तरच नाही. मी विचारलं तर म्हणे "अरे चाललंय बोलणं, घाई करू नको, आपल्याला माहितीये ना, पाच लाख ८१ हजार बनवल्यात त्यांनी, कुठे पळून जाते." पाच लाख ८१ हजार बनवल्या, बरोबर आहे, पण त्यातल्या किती लोकांनी कापल्या, किती भोकं पाडली, किती पॉलिश मारून चकाचक करून वाट लावली, हे त्या आकड्यात येत नाही रे! शेवटी आजींचा मुलगा वैतागला, एका डीलरला बोलवून सगळ्या बंदुका एकगठ्ठा देऊन टाकल्या. आणि डीलरने त्या .२७० चे तुकडे केले. अ‍ॅक्शन (बोल्टसकट मधला पोलादी सांगाडा) काढून कुणाच्या तरी नव्या कस्टम रायफलीसाठी दिली, नळी वेगळी, साइट वेगळ्या, बटप्लेट वेगळी, स्टॉक वेगळा, सगळं ऑनलाइन विकायला. स्टॉकच्या फोटोत बटप्लेटच्या खालच्या लाकडावर पेन्सिलने सालं लिहिलेली दिसतात, म्हाताऱ्याने हरण मारल्याची असणार, आणि जाहिरातीत लिहिलंय की खुणा घासून काढता येतील.

यावर गणपतीच्या पॉटलकला हे गृहस्थ ताटात मसालेभात घेऊन चार लोकांना सांगतायत, "काय सांगू, हातातोंडाशी आलेली गेली, नशिबातच नव्हती." लोक हळहळतायत!

नशीब कसलं रे? फोन तुझ्या हातात होता. घ्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतंस. पैसे नसतील, घरी पटत नसेल, बघितल्यावर मन उडालं असेल, काहीही असू दे, कुणी हसलं नसतं. पण स्वतः घ्यायची नाही, दुसऱ्याला घेऊ द्यायची नाही, एका म्हाताऱ्या बाईला दारात ताटकळत ठेवायचं, आणि वर पुन्हा आपणच बिचारे. तिच्या मुलाला आता आपल्या कुणाचा फोन उचलायचा नाहीये, त्याच्याकडे अजून वडिलांच्या मित्राची एक स्प्रिंगफील्ड स्पोर्टर (शिकारीसाठी घडवलेली स्प्रिंगफील्ड रायफल) आहे हे मला माहितीये आणि ती मला तो दाखवणारसुद्धा नाही, का तर मी तुझा मित्र.

पुढच्या वेळी विसार दे. शंभर डॉलर दे, तारीख सांग, त्या तारखेला जाऊन उभा राहा. जमत नसेल तर त्या दिवशी सकाळीच कळव आणि मागच्याला जाऊ दे. आणि त्या स्टॉकच्या जाहिरातीखाली "अजून आहे का, होल्ड कराल का" कुणी लिहिलंय ते मी वाचलंय, नावासकट. तिथून तरी बाजूला हो.