अंगावर पुरळ नाही म्हणून थांबायचं?

काल रात्री ताईनं एक मेसेज पुढे पाठवला. तिचा बारा वर्षांचा मुलगा आठवडाभर तापलाय, खोकतोय. दोन दिवसांपासून ओठ सोलवटून रक्ताच्या खपल्या धरल्यात, थुंकी गिळवत नाही म्हणून वाटी हातात घेऊन बसलाय. मेसेज म्हणतो: 'खोकल्यानंतर मुलांचं तोंड आलं, डोळे लाल झाले तर ती औषधाची रिॲक्शन. सगळी औषधं बंद करा. अंगावर पुरळ नसेल तर घाबरू नका. डोळे चिकटले तर मिटलेलेच राहू द्या, आपोआप बरे होतात. फोड संसर्गजन्य, मुलाला शिवू नका.' खाली ताईचा प्रश्न, 'मग थांबू ना?'

अजिबात नाही! खोकल्याच्या एका जिवाणूच्या, मायकोप्लाझ्माच्या, संसर्गानंतर तोंड, डोळे सोलवटणारा एक आजार असतो, हा तोच वाटतो.

डोळ्यांचा सल्ला वाचून तर माझा संताप झाला. या आजारात पापणीचं आतलं अस्तर आणि डोळ्यावरचं अस्तर, दोन्ही सोलवटू शकतात. दोन ओल्या जखमा एकमेकींना टेकून राहिल्या की भरतानाही एकत्र भरतात. मग पापणी डोळ्याला चिकटते, डोळा नीट फिरत नाही, पापण्यांचे केस आत वळून बुबुळावर घासतात. तोंड पूर्ण बरं होईल, पण हे व्रण आयुष्यभर राहू शकतात. म्हणून नेत्रतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवा. तो पापण्या उलटून बघतो, थेंब-मलम देतो, चिकटायला लागलेलं वेळीच सोडवतो.

'पुरळ नाही, घाबरू नका' हेही चूक. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए या जिवाणूच्या संसर्गानंतर, मुख्यतः लहान आणि किशोरवयीन मुलांत हा आजार होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा २०२ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. सरासरी वय बाराच्या आसपास. तोंड ९४ टक्क्यांचं आलेलं, डोळे ८२ टक्क्यांचे बिघडलेले, आणि त्वचेवर काहीच नाही असे ३४ टक्के! म्हणजे तिघांतल्या एकाचं अंग स्वच्छ.

औषधाच्या रिॲक्शनचं म्हणाल, तर त्यात थोडं तथ्य आहे, मान्य करते. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे त्वचा आणि तोंड-डोळ्यांचं अस्तर सोलवटणारा गंभीर आजार, बहुतेकदा औषधानंच होतो आणि सुरुवातीला असाच दिसतो. नवं औषध सुरू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, संशय असेल तर ते थांबवतीलच. पण सरसकट सगळं बंद? मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंत, नसते, त्यामुळे त्या भिंतीवरच मारा करणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधं त्याच्यावर चालत नाहीत, ॲझिथ्रोमायसिनसारखी चालतात. नेमकं तेच बंद करून बसाल.

शिवू नका म्हणे! पसरतो तो खोकल्यातून जिवाणू, फोड नव्हे. मुलाला जवळ घ्या.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच. त्याच आढाव्यात ६३ टक्के रुग्णांना लघवीच्या जागीही जखमा होत्या. या वयाची मुलं लाजेनं बोलत नाहीत, आग होते म्हणून लघवी दाबून धरतात, पाणी टाळतात. ताईला म्हटलं, आधी त्याला विचार. तिनं विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, 'कालपासून दुखतंय.' रात्रीच ते दवाखान्यात गेले.